पांढरा ॲप्रन

मोरचुदाचा निळा डाग दिसला की मला चुलतबहिणीचा पांढरा ॲप्रन आठवतो. पहिलीपासून दहावीपर्यंत आम्ही कोऱ्हाळ्यात एकाच बाकावर बसलो आणि मार्क कायम मलाच जास्त पडले. तरी अकरावीला ती बारामतीला सायन्सला गेली, मी गावातच आर्ट्सला राहिले. "थोरल्याची पोरगी हाय ती," आजोबा म्हणाले, "आन् बारावी ती बारावीच. हितं काय, तितं काय." एका संध्याकाळी ती ॲप्रन अंगात घालूनच एसटीतून उतरली. प्रॅक्टिकलला खिशावर मोरचूद सांडलं होतं आणि तो डाग साऱ्या गावाला दिसावा अशी ती चालत होती. पारावरचे तात्या म्हणाले, "आल्या का डॉक्टरीणबाई?" माझा नुसता जळफळाट झाला. घरी तिनं ॲप्रन दांडीवर टाकला आणि चहाला बसली, तेवढ्यात मी तो आतल्या खोलीत नेऊन अंगात चढवला, बटणं लावली. अगदी माझ्याच मापाचा होता. आईनं दारातून पाहिलं आणि हळूच म्हणाली, "काढ, तिचा हाय त्यो." पुढं बारावी झाल्याबरोबर तिला कळंबला दिली, मी एमए, बीएड करून कॉलेजात शिकवायला लागले. परवा तिच्या बागेत गेले, तर ती साडीवर तोच ॲप्रन घालून डाळिंबाच्या खोडांना मोरचूद-चुन्याचा लेप लावत होती. "या की मॅडम!" ती हसली. मीही हसले. पण खांद्यावर तो तिला ढगळ होतोय, हे मी सगळ्यात आधी पाहिलं.