पुडीतल्या गोळीचं नाव

माझ्या धाकट्या बहिणीवर अन्याय झाला. गेल्या हिवाळ्यात, सोमवारी सकाळी साडेअकराला, मंगळवार पेठेतल्या एका दवाखान्याच्या खिडकीत. शनिवारी तिची कुस्तीची निवड चाचणी होती आणि अंगभर पित्त उठलेलं. डॉक्टरांनी दोन मिनिटं पाहिलं, कंपाउंडरनं वर्तमानपत्राच्या कागदात तीन दिवसांच्या गोळ्या बांधून दिल्या. नाव नाही, चिठ्ठी नाही. पित्त बसलं, आम्ही खूश.

गुरुवारी तिच्या प्रशिक्षक बाईंनी विचारलं, "औषध काय घेतलंस?"

"पांढरी एक, गुलाबी अर्धी."

"रंग काय सांगतीस? शनिवारी तपासणीवाले लघवी घेतील, तिथं गुलाबी चालत न्हाय. नाव आण."

तिला गाडीवर मागं बसवून मी दवाखाना गाठला. कंपाउंडर हसला. "ताई, गुण आला न्हवं? मग नावाचं काय, बारसं करताय व्हय?"

मी आवाज चढवला. घोषणा देऊन घसा तयारच आहे माझा. माहितीच्या अधिकारावर चौकाचौकांत बोलते मी, आणि याच खिडकीतल्या पुड्या लहानपणापासून न विचारता गिळत आले, हे मला तिथं उभं राहून कळलं. लाज वाटली, म्हणून आणखी ओरडले.

"ताई, गप की," बहीण म्हणाली. मग तीच आत गेली. "डॉक्टर, मी पैलवान हाय. नको ते अंगात सापडलं तर मला मॅटवर पाय ठेवू देणार न्हाईत."

डॉक्टर वरमले. "तू खेळतीस हे मला कुणी सांगितलं?"

कुणीच नाही. त्यांनी विचारलं नव्हतं, आम्ही बोललो नव्हतो.

एक गोळी स्टेरॉइडची निघाली. आजारावर रास्त, पण स्पर्धेच्या वेळी अंगात सापडली तर बंदी. गरजेच्या औषधाला रीतसर परवानगी मिळते. पण त्यासाठी निदानाचे कागद आधीच द्यावे लागतात. आमच्याकडं होता फाटका पेपर. बाई म्हणाल्या, धोका नको. शनिवारी ती खेळली नाही. घरी येऊन भांडी घासत बसली.

पण त्या गुरुवारी डॉक्टरांनी लेटरपॅड काढलं होतं. पुढच्या वेळेसाठी चालणारं औषध लिहिलं, तेही बाईंना फोन लावून, खात्री करून. ते पाहून रांगेतली भाजीवाली मावशी खिडकीशी आली. "माज्या बी पुडीवर लिवा की." तिच्या मागच्यानंही पुडी पुढं केली. कंपाउंडर कपाळाला हात लावून पेन शोधायला लागला.

पुढच्या चाचणीला बहीण चिठ्ठी घेऊनच उतरली. पहिली कुस्ती हरली, पुढच्या दोन मारल्या. राखीव म्हणून का होईना, संघात आली.

तुमच्या घरात कुणी खेळत असेल, तर डॉक्टरांनी नाडी धरायच्या आधी ते सांगा. आणि गोळीचं नाव, तारीख अन् सही कागदावर पडेपर्यंत खिडकी सोडू नका.