रावजींचं सोंदम

उजव्या हाताचा तळवा आधी स्वतःच्या छातीवर, मग तोच हात समोरच्या माणसाकडं, आणि तोंडानं एकच शब्द, "सोंदम." रावजी कुणाचीही ओळख करून द्यायचे ती अशी. टाउन बसचा कंडक्टर सोंदम, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला सोंदम. एकदा राजवाड्यापाशी वाट चुकलेल्या एका फ्रेंच बाईला त्यांनी माझ्या दारात आणून उभं केलं आणि तिच्याकडंही तसाच हात केला. मी म्हटलं, आता हिचं नातं कुठून काढलंत? तर म्हणाले, तिच्या ओढणीचा रंग आमच्या दुकानातला आहे.

सोंदम हा इथला तमिळ शब्द. मी मूळची साताऱ्याची, लग्न होऊन तंजावूरला आले, त्यामुळं असे शब्द मला अजून थांबवतात. सोंदम म्हणजे आपली माणसं, नातेवाईक. आणि सोंदम म्हणजे मालकीचंही. सोंद घर म्हणजे स्वतःचं घर. साताऱ्याकडं आपण नातं वेगळं आणि मालकी वेगळी ठेवतो, निदान बोलताना तरी. इथं दोन्हीला एकच शब्द, आणि त्या शब्दानं रावजींचा घात केला. तो कसा, ते सांगते.

रावजी हे काही त्यांचं नाव नव्हे. इकडची तमिळ माणसं मराठी माणसाला सरसकट रावजीच म्हणतात. ह्यांचे पूर्वज मराठी राजांबरोबर इकडं आलेले, माझ्या सासरच्यांसारखेच. वय चाळिशीचं, शरीर काटकुळं, शर्टाच्या खिशात नेहमी रंगीत दोऱ्यांच्या गुंड्या. कापडाच्या दुकानात ब्लाउजपीस जुळवून देण्याच्या काउंटरवर ते उभे असायचे. लेक तीन वर्षांची असतानाच बायको वारली. त्या लेकीला हिंदीच्या शिकवणीसाठी माझ्याकडं आणून सोडायचे, तीच आमची ओळख.

त्यांच्या काउंटरवर एकदा नक्की उभं राहून बघावं, असं मी सगळ्यांना सांगायची. बाई साडी पुढं सरकवायची. रावजी पदराचं टोक उजेडात धरायचे, मागच्या ताग्यांतून एक कापड काढायचे, साडीवर ठेवायचे आणि मान हलवायचे. "हा सख्खा नाही, चुलत आहे." दुसरं कापड. "हा मावस." तिसरं ठेवलं की गप्प. गप्प बसले म्हणजे सख्खा सापडला. एकदा मी मुद्दाम छळायला विचारलं की अगदीच न जुळणारा रंग असला तर? तर शांतपणे म्हणाले, "तो नवऱ्याकडचा, अक्का."

मला ते अक्का म्हणायचे. पहिल्याच दिवशी मी साताऱ्याची हे कळलं आणि त्यांचे डोळे चमकले. आता सुट्टीला जाल तर तिकडं आमचं कोण राहिलंय का बघा की, म्हणाले. मी म्हटलं, अहो, तीन-साडेतीनशे वर्षं झाली. "कोण तरी असेल की," म्हणाले, "अस्की कशी येतील?" अस्की म्हणजे सगळी. आणि मी एवढी बावळट, की सुट्टीत खरंच भावाला विचारलं. भाऊ जेवता जेवता हसून ठसकला. परत आल्यावर रावजींना सांगितलं की कोणी सापडलं नाही, तर त्यांनी उलट माझीच समजूत घातली.

त्यांना देवनागरी वाचता यायची नाही. बोलायचे मराठी, लिहायचे तमिळ. माझ्या भिंतीवर साताऱ्याहून आलेलं मराठी कॅलेंडर होतं. हिंदीची अक्षरं आल्यावर त्यांच्या लेकीनं एक दिवस ते मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, चतुर्थी, एकादशी, कुठला कुठला उपास. रावजी दारात चप्पल काढता काढता थांबले. आत आले, कॅलेंडराला नाक लावून बघितलं आणि म्हणाले, "आमची भाषा अशी दिसती होय." लेकीला आणखी वाचायला लावलं. त्या दिवशी पोरीचं गृहपाठाचं काही झालं नाही.

राहायचे राजवाड्यामागच्या गल्लीत, एका घराच्या मागच्या दोन खोल्यांत, भाड्यानं. पुढच्या बाजूला घरमालकीण राहायची, एक तमिळ म्हातारी. तिला सगळे पाट्टी म्हणायचे, पाट्टी म्हणजे आजी. जात वेगळी, भाषा वेगळी, ताट वेगळं. पाट्टी कांद्याला शिवायची नाही आणि रावजींच्या घरी कांद्याशिवाय पान हलायचं नाही. तरी रोज सकाळी पाट्टी ओट्यावर मान मागं टाकून बसायची आणि रावजी तिच्या डोळ्यांत औषध घालायचे. ऑपरेशननंतर तिला फार धूसर दिसायचं. संध्याकाळी रावजी दुकानातून येईपर्यंत त्यांच्या लेकीची वेणी पाट्टी घालायची, हातानं चाचपत, पण भांग सरळ.

पाट्टीचा मुलगा कोइंबतूरला. तो आला आणि त्यानं सांगितलं की आईला आता एकटं ठेवता येत नाही, तिला घेऊन जाणार, घर विकणार. घेणारा ठरला होता आणि त्याला घर रिकामं हवं होतं. पोंगल झाला की खोल्या सोडा. माणूस वाईट नव्हता, रावजींना कॉफी देऊन खाली मान घालून बोलला. पण कॉफी दिली म्हणून मुदत वाढत नाही.

मग सुरू झालं घर शोधणं. दोन-तीनदा मीही बरोबर गेले, कारण एकट्या पुरुषाला दारातूनच परत लावायचे. घरात बाईमाणूस कोण आहे, हा पहिला प्रश्न. नाही म्हटलं की दुसरा प्रश्न यायचाच नाही. वाढती पोर, बाप दिवसभर दुकानात, मग घरी कोण? एका बाईनं तर माझ्याकडं बघून विचारलं, ह्या राहणार का? माझं डोकं असं तापलं की मी काहीतरी बोलणारच होते, पण रावजींनी तोवर त्या बाईकडं हात करून मला सांगितलं, "ह्यांची मोठी सून आपल्याकडचीच गिऱ्हाईक. सोंदम." घर नाही मिळालं. बाईनं मोरीमागच्या कढीपत्त्याची डहाळी मात्र दिली.

त्या दिवसांत एक गोष्ट मी बघून ठेवली. घर बघायला गेले की रावजी छत बघायचे नाहीत, नळ बघायचे नाहीत. स्वयंपाकाच्या जागेत उभं राहून बाहेरचं दार दिसतं का तेवढं बघायचे. मला कुतूहल आवरेना, विचारलंच. म्हणाले, पोर शाळेतून येते तेव्हा मी घरी नसतो. पण रविवारी असतो ना, तेव्हा ती येताना दिसायला पाहिजे.

गावाबाहेर पापनाशमच्या रस्त्याला सरकारनं बांधलेल्या घरांत स्वतःचं घर नसलेल्यांना जागा मिळते, असं दुकानात कोणी तरी त्यांना सांगितलं. सोमवारी कचेरीत मनु द्यायचा, मनु म्हणजे अर्ज. ते रांगेत उभे राहिले, मनु दिला. काही दिवसांनी तपासणीला एक तरुण मुलगा आला, मोटारसायकलवर, हातात फोन. मी नेमकी तिथंच होते, पोरीचं वहीचं काही विचारायला गेलेली. पाट्टी ओट्यावर मान टाकून बसलेली, रावजी एका हातानं तिची हनुवटी धरून दुसऱ्या हातानं थेंब सोडत होते. त्या मुलाला घाई. गाडीवरूनच त्यानं मान वर करून घराकडं बघितलं आणि एका शब्दात विचारलं, "सोंदमा?"

रावजींचा हात थांबला. पाट्टीचे डोळे मिटलेले, औषध गालावर ओघळत होतं. रावजी म्हणाले, "सोंदमच."

मुलानं फोनवर काही दाबलं, घराचा फोटो काढला आणि गेला. पुढच्या आठवड्यात रावजींच्या फोनवर इंग्रजीत निरोप आला. लेकीनं वाचून दाखवला: तुमचं स्वतःचं घर आहे, तुम्हाला जागा मिळणार नाही. मला आधी हसूच आलं. म्हटलं, बघा, तो घराबद्दल विचारत होता आणि तुम्ही पाट्टीबद्दल सांगितलंत, शब्दानं कसा घोटाळा केला. रावजी हसले नाहीत. पोरीला आत पाणी आणायला पाठवलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "घोटाळा नाही, अक्का. तो घराचंच पुसला. मला कळलं."

मी विचारलं, कळलं तर मग?

"पाट्टीचे डोळे मिटले होते, कान नाही. सोंदम नाही म्हटलो असतो, तर तिला काय ऐकू गेलं असतं?"

मी म्हटलं, अहो, भाड्याचं आहे म्हणायचं की, त्याला काय शब्द नाही का तुमच्या तमिळमध्ये? तर म्हणाले, आहे. पण तो मला घरात गेल्यावर आठवला. आता अशा माणसाला रागवायचं तरी कसं? मी रागावलेच. पोरीला घेऊन रस्त्यावर बसणार का, इथपर्यंत बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

कचेरीत चौकशी केली तेव्हा कळलं की चूक दुरुस्त होते. घर ज्याच्या नावावर त्यानं जातीनं यायचं आणि सांगायचं की हा माणूस भाडेकरू, ह्याचं आमचं नातं नाही, घरावर हक्क नाही. घर पाट्टीच्या नावावर होतं. म्हणजे पाट्टीनं यायचं. रावजींनी विषय तिथंच मिटवला. तिला हे विचारायचं नाही, मलाही बजावलं. पोंगलची रताळी आणि हळदीची रोपं बाजारात आली तरी ते रोज सकाळी औषध घालत होते आणि बाईमाणूस नसलेल्याला घर देणारा मालक शोधत होते.

मी तोंड बंद ठेवणारी बाई नव्हे. एका दुपारी जाऊन पाट्टीला सगळं सांगितलं. ती अवरे, म्हणजे वालाच्या शेंगा, सोलत होती. सोलणं थांबवलं नाही. माझं सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "मला तिथं काय म्हणायचंय?" मी सांगितलं. "एवढंच?" म्हणाली. मग आणखी एक शेंग सोलून, "मी म्हणेन. पण मी म्हणताना त्याला बाहेर उभा कर."

घर मिळालं, हे आधीच सांगून टाकते, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. रावजी आता तिकडं तिसऱ्या मजल्यावर राहतात, आमच्या गल्लीत येणं होत नाही. पोर तिकडच्याच शाळेत जाते. पाट्टीला मुलगा घेऊन गेला, घर पाडलं, तिथं आता खांब उभे राहिलेत. माझ्याकडं संध्याकाळी दारात चप्पल वाजली की मी अजून मान वर करते. जवळचं माणूस गेल्यासारखं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण त्या सोमवारचं मला सांगायचंय.

पाट्टीनंच रावजींना चल म्हणून सांगितलं, तिला नाही म्हणणं त्यांना जमलं नाही, आणि रिक्षातून आम्ही तिघं गेलो. पाट्टी ठेवणीतलं नऊवारी नेसली होती, मोरपंखी. रावजींनी त्याचं कौतुक केलं, तिनं पदर आणखी घट्ट खोचला. कचेरीच्या पायऱ्या उंच, तिला दिसेनात, म्हणून रावजींनी तिचा हात धरला. दारापाशी आल्यावर मी त्यांना खुणेनं बाहेर थांबायला सांगितलं, ते थांबलेही. पण आतला कारकून म्हणाला, माणूस समोर पाहिजे, नाहीतर ह्या कुणाबद्दल बोलतायत ते मला काय कळणार. रावजींना आत यावं लागलं. पाट्टीला ते आलेले दिसले नसते, पण तिनं लगेच उजवा हात पुढं केला आणि चाचपून त्यांचं मनगट धरलं.

कारकुनानं विचारलं, हा कोण?

"भाडेकरू," पाट्टी म्हणाली.

नातं?

"नाही."

कारकुनाला वाटलं तिला ऐकू कमी येतं. तो मोठ्यानं म्हणाला, लांबचं, जवळचं, सोयरिकीचं, काहीच नाही? मागच्या रांगेतली माणसं बघायला लागली. पाट्टीनं मान ताठ केली. तिचा आवाज एरवी बारीक, पण तेव्हा सगळ्या खोलीला ऐकू गेला.

"माझा कोणी नाही हा."

रावजी तिच्या मोरपंखी पदराकडं बघत उभे होते. कुणाकडंही हात केला नाही. आपण हिला इथं आणलं, ते बरं केलं की वाईट, हे मला तिथं उभ्या उभ्या ठरवता येईना.

कारकून पाट्टीच्या हाताकडं बघत होता. मनगटावर तिची बोटं रुतली होती. त्यानं कागद फिरवून तिच्यापुढं ठेवला, पेन दिलं. "पाट्टी, सही करा," म्हणाला. "हात सोडा त्यांचा."

पाट्टीनं डावा हात आणला, रावजींचं मनगट त्या हातात घट्ट धरलं, मगच उजवा सोडला आणि सही केली.