लांबून आलेला घोट

नाशिकजवळच्या वायनरीत आज फ्रान्स, चिली, पोर्तुगाल अशा देशोदेशींच्या वाइन्स चाखायला मांडल्या होत्या. घोट तोंडात घोळवायचा आणि भांड्यात थुंकायचा, ही तिथली रीत. मी सराईतपणे थुंकत होतो. पहिल्यांदाच सोबत आलेली बायको मात्र प्रत्येक घोट गिळत होती.

“अगं, थुंक. लोक बघताहेत.”

“इतक्या लांबून आलेलं कुणी थुंकतं का? आणि अहो, ही पोर्तुगालची चाखा. थेट आमसुलाचं सार!”

खरंच तशीच लागली. मला आजवर तीत फक्त जाणकारांकडून ऐकलेली चेरीची चव सापडत आली होती. दूरदूरच्या मातीची चव कळावी म्हणून मी धडपडलो, पण “तुला नाही आवडायचं” म्हणत हिला दरवेळी घरीच ठेवलं.

“पुढच्या वेळी येशील?” मी विचारलं.

“विचारलंत तर येईन,” ती म्हणाली.