मुलाखतीला सामोरी आलेली घागर

शकुन-अपशकुन हा निव्वळ भोंदूपणा आहे, असं मी छापून वाटलेलं आहे. मोशीत, घरोघर. (आमच्या आत्याने त्या पत्रकांवर पापड वाळत घातले, तो भाग वेगळा.)

अशा माणसाला पुण्याच्या एका बँकेतून कारकुनाच्या जागेसाठी मुलाखतीचं बोलावणं आलं. नोकरी मिळाली नाही तर चाकणला मामाच्या कांद्याच्या वखारीत बसायचं, हे घरात पक्कं ठरलं होतं. मामाने तर माझ्यासाठी बैठकीचं गोणपाटसुद्धा झटकून ठेवलं होतं!

वडिलांनी, म्हणजे आबांनी, तयारी मनावर घेतली. ते साहेब होऊन ओट्यावर बसले आणि मला समोर उभं केलं.

"बोल. बँकेत कशापायी यायचंय?"

"सावकारशाहीच्या जोखडाखाली पिचलेल्या जनतेला..."

"आरं, नोकरी मागाय चाललायस का गाव पेटवाय?"

"मग काय सांगू?"

"म्हनावं, अक्षर चांगलं हाय, चहा पीत न्हाई, कुनाशी भांडत न्हाई."

"यातलं एकही खरं नाही, आबा."

"म्हून तर पाठ करून घेतोय."

शाळेच्या मास्तरांकडून कोट आणला. लोकरीचा. ऐन वैशाखात! एवढ्यात गावातच दिलेली आमची आत्या येऊन म्हणाली, "तू निघालास की मी भरली घागर घिऊन सामोरी येनार. सवाशीन हाय मी. काम फत्ते."

"खबरदार, आत्या. मी याविरुद्ध पत्रक काढलंय."

"तुझ्या पत्रकाला कोन इचारतंय? मी तुझ्यासाठी न्हाई, नोकरीसाठी येती."

याला म्हणतात जुलूम. मी जुलूम सहन करत नाही. मुलाखतीच्या सकाळी आत्या पुढच्या दारासमोर घागर घेऊन उभी राहिली, आणि मी तत्त्वासाठी मागच्या दाराने, गोठ्याच्या कडेने सटकलो.

आबांनी फितुरी केली. ओरडले, "आक्का, मागनं गेला!"

आत्या डोक्यावर घागर घेऊन घराला वळसा घालून पळाली. मी गोठ्याचा कोपरा वळलो. तीही तोच कोपरा वळली. पुढच्या क्षणी मास्तरांच्या कोटाने सगळी घागर पिऊन टाकली होती. माझ्या टोपीतून पाणी गळत होतं आणि आत्या चिखलात बसली होती.

"झाला शकुन," ती बसल्या बसल्याच म्हणाली. "आता पळ, यष्टी जाईल."

कपडे बदलायला वेळ नव्हता. शेजारचा प्रवासी पुण्यापर्यंत पाय वर घेऊन बसला. बँकेत दोन साहेब होते, एक थोरले, पगडीवाले, आणि एक तरुण, चष्मेवाले.

"बाहेर पाऊस आहे का हो?" थोरल्यांनी विचारलं.

वैशाखात हो म्हणायची सोय नव्हती. घडलं ते सांगितलं. आता अंधश्रद्धेवर दोन खडे बोल सुनावणार, तोच थोरल्यांनी टाक खाली ठेवला.

"सामोरी आली? भरलेली? मग उत्तमच की."

"पण साहेब, ती सांडली," चष्मेवाले म्हणाले. "म्हणजे रिकामीच धरायला हवी."

"आली तेव्हा भरलेली होती ना?"

"गेली तेव्हा रिकामी होती."

"जाण्याचा शकुन कुठे असतो, राव?"

माझ्या अक्षराबद्दल, चहाबद्दल कुणी विचारेना. शिकलेली माणसं, बँकेच्या टेबलावर, आणि चर्चा कसली तर घागरीची! माझ्या ओठांवर जाहीर निषेध येऊन ठेपला. तेवढ्यात थोरले माझ्याकडे वळले.

"तुम्ही तिथे होतात. तुम्हीच सांगा. घागर भरलेली धरायची की रिकामी?"

मला मामाचं गोणपाट दिसलं. कांद्याचा वासही आला.

"भरलेली, साहेब," मी म्हणालो. "काठोकाठ."

नोकरी मिळाली. मास्तरांचा कोट मात्र आटला तो आटलाच. आता तो त्यांच्या धाकट्या मुलाला होतो.

गेल्या महिन्यात बँकेतच वरच्या जागेसाठी पुन्हा मुलाखत होती. त्या सकाळी मी पुढच्या दारात उभा राहून बराच वेळ बटणं लावली. पुन्हा काढली, पुन्हा लावली. आत्या येईना. अखेर मीच तिच्या दारात गेलो.

"आत्या, ते... घागर..."

"आज न्हाई," ती पापड लाटता लाटता म्हणाली. "तुझं पत्रक वाचून घेतलं मी सकाळीच. भोंदूपना असतोय म्हनं सगळा."

एवढी पत्रकं वाटली मी गावात. पटलं ते एका माणसाला, आणि तेही नेमकं त्याच सकाळी.