समासातली नावं

चर्चमध्ये उपासनेला निघण्याआधी पवित्र शास्त्र चाळत होतो. जिभेला आवर घालण्याविषयीच्या वचनाशेजारी समासात माझ्याच अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं : 'शेजारचे आनंदराव'. पुढे रागाच्या वचनाशी धाकटा भाऊ, गर्वाच्या वचनाशी चक्क पाळकसाहेब! म्हणजे इतकी वर्षं मी शास्त्र वाचलं ते दुसऱ्यांसाठीच. खोडरबराने एकेक नाव पुसलं आणि तिथे माझं लिहिलं. जुनी नावं पुसटशी राहिलीच.

बायकोला दाखवलं. तिने हसत स्वतःचं शास्त्र उघडलं. जिभेच्या वचनाशी माझं नाव होतं! मी खोडरबर पुढे केला.

"असू द्या," ती म्हणाली. "तिथे आले, की तुमच्यासाठी प्रार्थना करते."

मी माझ्या नावाखाली आनंदरावांचं नाव पुन्हा लिहिलं.