गाडीच्या अंगात आलं

चौथीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, आणि शाळेनंही माझी फारशी आठवण काढली नसावी. पण पेचकसाचं, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरचं, टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली की आत काय कुरकुरतंय ते मी सांगतो. किला गेटच्या आमच्या गॅरेजात येणाऱ्या प्रत्येकाला हे मी ऐकवलंय. कोणी न विचारता.

म्हणून मुलीनं स्कॅनर आणला तेव्हा त्याला हात लावायचा नाही असं मी ठरवलं. गाडीला वायर जोडली की तो बिघाड काय आहे ते लिहून दाखवतो. मला इंग्रजी येत नाही, पण या हिंदी मुलखात जन्म गेला, म्हणून तिनं त्याची भाषा हिंदी करून ठेवली. मी म्हणालो, "दुखणं गाडीला विचारावं, डब्याला काय विचारतेस?"

खासगी बाजार मोहल्ल्यातले एक वकील साहेब आमचं जुनं गिऱ्हाईक. चारच दिवसांपूर्वी मी त्यांचा क्लच बदलला होता. त्या सकाळी ते परत आले. स्टिअरिंग जड, दिवे लुकलुकताहेत, काटे थरथरताहेत.

"उस्ताद, आज झालं तर ठीक, नाहीतर शोरूमला नेतो. मुलगा केव्हाचा मागे लागलाय."

शोरूम! आमच्याकडे ही शिवी आहे.

मुलगी पाटणकर बाजारात गेलेली. मी पेचकस लावून ऐकलं. इंजिन ठणठणीत. शेवटी इकडेतिकडे बघत डबा जोडला. पडद्यावर आलं, 'संचार त्रुटि'.

लहानपणी नवरात्रात काकूच्या अंगात यायचं, त्याला घरी संचारच म्हणायचे. आता हे थरथरणं, हे लुकलुकणं. लक्षणं जुळत होती.

"साहेब, हा म्हणतो संचार झालाय."

"मग लिंबू उतरवू की नारळ फोडू?"

तेवढ्यात मुलगी आली आणि हसून हसून टायरवर बसली. "बाबा, ये वो वाला संचार नहीं है! गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात. ते बोलणं तुटलंय."

"म्हणजे कॉम्प्युटर गेला," मी ठोकून दिलं.

"सगळे एकदम कसे जातील? पहले अर्थ का तार देखो." ती टॉर्च घेऊन गाडीखाली शिरली. गिअरबॉक्सवरच्या अर्थच्या वायरचा बोल्ट दोन बोटांनी फिरत होता.

क्लच काढताना ती वायर मीच सोडली होती. परत लावताना बोल्ट हातानं बसवला, तेवढ्यात चहा आला, आणि पाना लावायचा राहिला.

मुलगी गाडीखालून निघाली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "साहेब, जंग लगा था."

आता गप्प बसायचं होतं. तोंडाला जन्मात ते जमलेलं नाही. "जंग-गंज काही नाही. बोल्ट मीच आवळला नव्हता."

वकील साहेब बघतच राहिले. "आमच्याकडे कोर्टात इतक्या लवकर कोणी कबूल करत नाही, उस्ताद. आता मुलाला काय सांगू?"

"सांगा, संचार उतरला."

पुढच्या सर्व्हिसला ते आमच्याकडेच आले. मी पाना उचलला, तर म्हणाले, "थांबा उस्ताद. आधी चहा पिऊन घ्या."