खुंटी मारायची राहिली

माझी थोरली उद्या पुन्हा त्या पुलाजवळ जाईल, ही धास्ती काही केल्या मनातून जात नाही. ती पलीकडच्या खोलीत झोपली आहे. मी दार लोटून पाहून आले. पाय पांघरुणाबाहेर, जणू कुणी हाक मारली की लगेच उठायचंय.

ती रस्तेखात्यात गवंडी आहे. मैलाचे दगड बसवते, आणि जुन्या घटना कोरलेले स्मारकाचे दगडही. लहानपणी भिंतीवरचं कॅलेंडर वाकडं दिसलं तरी तिला घास जात नसे. "हिला सासरी फोटो सरळ करायलाच नेतील," असं तिचे वडील चिडवायचे. सासर राहिलं बाजूला, पोरीने ओळंबा हातात घेतला.

पुलाजवळ असाच एक स्मारकाचा दगड होता. त्यावर कोरलंय, 'या जागी पूल बांधणारे मजूर पुरात वाहून गेले.' धरणाचं पाणी सुटलं तेव्हा सगळे तंबूत झोपलेले होते. कुणीच सापडलं नाही.

गेल्या वर्षी रस्ता रुंद करताना तो दगड हलवायचं काम तिच्याकडे आलं. दगड उचलण्याआधी मूळ जागी लोखंडी खुंटी मारायची आणि तिथून नव्या जागेचं अंतर दगडावर कोरायचं, ही त्यांची पद्धत. पण क्रेन भाड्याची, चालवणारा घाईत. खुंटी नंतर मारू, असं म्हणून हिने दगड उचलू दिला. जेवून परत येते तोवर तिथे खडी पडून रोलर फिरला होता. दगड पेट्रोल पंपाशेजारी बसला, तोच मजकूर घेऊन.

"आई, लोक तिथे गाडी थांबवून मान खाली घालतात. खाली काहीच नाही गं."

"वाहून गेलेल्यांना कसली आलीय जागा?"

"साहेबही हेच म्हणाले. तू सांग त्यांना."

"कुणाला, साहेबांना?"

"नाही," ती म्हणाली आणि ताट तसंच ठेवून उठली.

तेव्हापासून रोज जेवणाच्या सुट्टीत ती कामावरून गायब होते म्हणे. आज दुपारी मी तिच्या मागोमाग गेले. पाहते तर चपला कडेला जोडीने काढलेल्या, आणि ही पुलाजवळ, दगडाची जुनी जागा शोधत, भर रस्त्यात अनवाणी, डोळे मिटून तळव्याने डांबर चाचपत होती. एक ट्रक तिला घासून वळला.

"ओ मावशी, पोरगी तुमची का?" ड्रायव्हर ओरडला. "घरी झोपवा की तिला, माझ्या चाकाखाली कशाला?"

मी धावत जाऊन तिचा हात धरला. डांबर चटके देत होतं. तिचा हात मात्र आत्ताच नदीतून काढल्यासारखा गार.

"इथे त्यांचा आवाज येतो, आई. झोपेत कूस बदलतात ना, तसा."

"ट्रकचा हादरा असेल."

दोन्ही बाजूंना रस्ता रिकामा होता. आणि तो आवाज मलाही ऐकू आला.

परतताना मला म्हणाली, "साहेबांना सांगू नकोस हं. मला रस्त्याच्या कामावरून काढून गोदामात बसवतील. मग ह्यांच्याकडे कोण बघणार?"

मी बरं म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

आवाज खरा की माझ्या जिवाचे खेळ, मला ठरवता येत नाही. ट्रक खरा होता. साहेबांचा नंबर अडीअडचणीला असू दे म्हणून तिनेच मला दिलाय. सकाळी ती माझ्या आधी निघते, म्हणून फोन आत्ताच करायला हवा. एवढ्या रात्री उठवलं म्हणून साहेब वैतागतील. वैतागू देत. राहिलेली खुंटी, तिचं रस्त्यात उभं राहणं, सगळं सांगणार आहे. आवाजाचंही सांगेन, मला वेडी म्हणाले तरी. तिला गोदामात बसवा म्हणेन. ती माझ्याशी कितीतरी दिवस बोलणार नाही. नाही बोलली तर नाही. स्वयंपाकघराचं दार लावून घेतलंय. फोन लावते.